घरी बिअर करायचं सामान ‘शासनमान्य नोंदणीसह’ विकणाऱ्यापासून सावध राहा

जळगाव, भुसावळ, धुळे भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर घरी बिअर करायच्या सामानाची एक जाहिरात फिरते आहे. पन्नास लिटरचं चकचकीत स्टीलचं भांडं, त्याला तोटी आणि तापमापक, शेजारी तांब्याचं वेटोळं आणि खाली ठळक ओळ: ‘शासनमान्य घरगुती नोंदणीसह’. मी याच माणसाकडून सामान घेतलं. माझे 48,500 रुपये गेले, त्यातले 6,500 नुसत्या त्या नोंदणीचे. त्याचं नाव लिहीत नाही. तक्रार चौकशीत आहे, शिवाय नाव आणि नंबर तो बदलत असतो. पद्धत मात्र तीच ठेवतो, म्हणून ती सविस्तर सांगतो.

मला तयार अर्क न वापरता थेट धान्यापासून, म्हणजे ऑल-ग्रेन पद्धतीने बिअर करायला शिकायचं होतं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, ते भरडायचं, 65 ते 68 अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचं, गोड रस निथळून घ्यायचा, हॉप्स म्हणजे कडवटपणा देणारी सुकी फुलं घालून तासभर उकळायचा, झटपट गार करून त्यात यीस्ट घालायचं. वीस लिटरच्या घाण्याला साधारण पाच किलो माल्ट लागतं. मायक्रोब्रुअरीला परवाना लागतो हे माहीत असल्यामुळे विक्रेत्याला मी पहिला प्रश्न परवान्याचाच विचारला, तोही लेखी. उत्तर आलं, ‘दादा, वीस लिटरपर्यंत घरगुती वापराला सूट आहे, फक्त नोंदणी लागते. ती आम्हीच करून देतो.’ सोबत नमुना म्हणून दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या प्रमाणपत्राचा फोटोही आला.

सामान ट्रॅव्हल्सच्या पार्सलने भर उन्हाळ्यात आलं. भुसावळचं ऊन कसं असतं ते इकडच्यांना सांगायला नको. त्या उन्हात द्रवरूप यीस्टची पिशवी साध्या खोक्यात, बर्फाशिवाय! यीस्ट थंडीतच ठेवायचं असतं. पिशवी टम्म फुगली होती. नोंदणीची मूळ प्रत हातात पडेपर्यंत बिअरला हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं. तोवर एकेक वस्तू तपासून ठेवू म्हणून भांड्यात पाणी भरून उकळायला ठेवलं. तोटीपाशी थेंब थेंब गळायला लागलं आणि भांडं पुसून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी जोडाच्या कडेने तांबूस ठिपके उमटले.

आमच्या ओळखीचे एक आप्पा आहेत, आर्गॉन वेल्डिंगवाले. दूध डेअऱ्यांच्या टाक्या आणि कॅन दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. भांडं त्यांच्याकडे नेलं. विक्रेत्याने व्हिडिओ पाठवला होता, त्यात तो भांड्याला लोहचुंबक लावून दाखवतो आणि म्हणतो, ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे 304.’ (304 हा चांगल्या स्टेनलेस स्टीलचा दर्जा.) आप्पांनी तो व्हिडिओ पाहिला आणि बाजूला ठेवला. काठाजवळ बोटभर जागा घासून तिथे तपासणीच्या औषधाचा एक थेंब सोडला आणि त्याला नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली. थोड्या वेळात थेंब लालभडक झाला. मग स्वतःच्या दुकानातल्या एका डेअरीच्या कॅनवर तेच केलं. तिथे थेंब पिवळसरच राहिला. ‘भाऊ, हाई तीनशेचार नही शे,’ एवढंच बोलले.

304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून 200 मालिकेच्या स्वस्त स्टीलमध्ये ते कमी करून मँगनीज वाढवतात. थेंब लाल होतो तो त्या मँगनीजमुळे. चुंबक या दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाचा व्हिडिओ काहीच सिद्ध करत नाही. तो मुद्दाम दाखवतात, कारण घरात चुंबक सगळ्यांकडे असतो आणि थेंबाची बाटली कोणाकडे नसते. पत्राही 1.2 मिलिमीटर सांगितला होता, आप्पांच्या व्हर्नियरवर 0.7 भरला.

गार करायच्या वेटोळ्याला मात्र चुंबक लावून बघाच. तांब्याला तो चिकटत नाही. माझ्या वेटोळ्याला खटकन चिकटला. लोखंडी नळी, वर तांब्याचा मुलामा. हा रस किंचित आंबट असतो, त्यात उकळता उकळता तो मुलामा किती दिवस टिकणार?

तापमापकाची लबाडी सगळ्यात घातक. जळगाव-भुसावळ समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास आहे, इथे पाणी 99 अंशांच्या थोडं वर उकळतं. माझा तापमापक खळखळत्या पाण्यात 92 दाखवत होता. म्हणजे त्याच्यावर 66 बघून माल्ट मुरवलं, तर आतलं खरं तापमान सत्तरीच्या पुढे असणार. पिठाची साखर करणारी जी दोन विकरं (एन्झाइम) महत्त्वाची, त्यांतलं एक तिथे झपाट्याने निकामी होतं. मग माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो आणि त्याच विक्रेत्याकडून पुन्हा माल्ट मागवतो.

माल्टचं तर विचारूच नका. ते भरडलेलंच पाठवलं होतं, ‘सोय म्हणून’. भरडलेल्यात काय आहे ते डोळ्यांना कळत नाही, हीच ती सोय. थोडं माल्ट थर्मासमध्ये 66 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं, यावेळी दुसऱ्या चांगल्या तापमापकावर बघून. रस गोड व्हायला हवा होता, तो लापशीसारखा पचपचीत लागला. पांढऱ्या बशीत त्यावर आयोडीनचा थेंब टाकला तर काळानिळा झाला. पीठ जसंच्या तसं होतं. पिशवीच्या तळाशी काही अख्खे दाणे सापडले, ते दाणाबाजारातल्या एका जुन्या व्यापाऱ्यांना दाखवले. त्यांनी एक दाणा दाताखाली धरला आणि म्हणाले, हा साधा सातू (जव) आहे, याला मोड कधी आलेलेच नाहीत. घरी नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, तसंच सातूला मोड आणून वाळवलं की माल्ट होतं. मोड आलेला दाणा दाताखाली कुरकुरत फुटतो, न आलेला खड्यासारखा लागतो. माल्ट घ्यायचंच तर अख्खं घ्या.

हे सगळं फोटोंसह त्याला पाठवलं आणि पैसे परत मागितले. आधी ‘बघतो दादा’, मग दोन दिवस शांतता आणि नंतर हा मेसेज: ‘तक्रार करून बघा. पहिली धाड तुमच्याच घरी पडेल.’

तेव्हा कुठे त्या नोंदणीच्या कागदाची खरी किंमत कळली. भांडं, वेटोळं, सातू हा वरवरचा नफा. त्याचा धंदा चालतो तो गिऱ्हाईक घाबरून गप्प बसेल या भरवशावर.

तोवर हाती आलेला तो नोंदणीचा कागद घेऊन नात्यातल्या वकील मामांकडे गेलो. त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि एकेक गोष्ट बोटाने दाखवत गेले. वर राजमुद्रा, पण तिच्याखाली ‘सत्यमेव जयते’ नाही. कोणत्या कायद्याच्या कोणत्या नियमाखाली दिला, त्याचा उल्लेख नाही. सही आहे, पदनाम नाही. क्यूआर कोड स्कॅन केला तर त्या विक्रेत्याचाच कॅटलॉग उघडला. फी घेतली ती एका खासगी यूपीआय खात्यावर. सरकारी फी ‘ग्रास’ प्रणालीत चलनाने भरली जाते आणि त्या चलनाला जीआरएन क्रमांक असतो. नमुना म्हणून आलेला फोटो मी शेजारी ठेवला. दोन्ही प्रमाणपत्रांचा क्रमांक एकच!

मामांनी स्पष्ट सांगितलं, घरगुती बिअरची अशी नोंदणीच नाही. 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात मद्य म्हणजे बिअरही आली. विनापरवाना ती तयार करणं कलम 65 खाली गुन्हा आहे आणि त्या हेतूने साहित्य बाळगणंही त्याच कलमात येतं. म्हणजे हा माणूस नुसते पैसे घेत नाही, बनावट सरकारी कागद देऊन समोरच्याला गुन्ह्याच्या दारात उभं करतो आणि मग त्याच गुन्ह्याची भीती घालतो. मला याचा सगळ्यात जास्त संताप आहे. इकडे पोरं हौसेने, चार मित्रांत पैसे जमवून हे सामान घेतात. घरच्यांना कळेल, गावात बोभाटा होईल, या धास्तीने कोणी तोंड उघडत नाही.

मी उघडलं. मामांनी सांगितल्याप्रमाणे राज्य उत्पादन शुल्क विभागाला आधी आपणहून लेखी कळवलं की सामान कसं आलं, काय सांगून आलं आणि त्यातून काहीही तयार केलेलं नाही. मग 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि सायबर पोर्टलवर तक्रार. सोबत त्याची लेखी ग्वाही, धमकीचा मेसेज, यूपीआयच्या पावत्या, दोन्ही प्रमाणपत्रं. त्याच्या खात्यात शिल्लक होती तेवढी रक्कम गोठवली गेली आहे, ती माझ्या पैशांपेक्षा कमी आहे. 1930 वर जितक्या लवकर फोन जाईल तितके पैसे खात्यातच सापडण्याची शक्यता जास्त. खराब मालाबद्दल वेगळा सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

नमुन्याच्या त्या फोटोत नाव खोडलेलं आहे, पण गाव वाचता येतं: चोपडा. ते प्रमाणपत्र तुमचं असेल तर तो क्रमांक माझ्याही कागदावर आहे हे लक्षात घ्या आणि तुमचीही तक्रार नोंदवा. एकाच क्रमांकाचे दोन कागद दोघांनी आपापल्या नावाने पुढे केले, तर ‘गिऱ्हाइकानेच बनवला’ असं त्याला म्हणता येणार नाही. मामा तुमचे कागद बघायला तयार आहेत, फी घेणार नाहीत.