ओबीडी स्कॅनर दीड वर्ष वापरला, कुंभार्ली घाटात पिवळा दिवा लुकलुकला त्या दिवसासकट सगळं लिहितोय

ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र. आधी गाडी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, बीएस४ (धुराच्या प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा), ऐंशी हजार किलोमीटरच्या वर पळालेली. घर कराडला, सासुरवाडी गुहागरकडे, त्यामुळे पाटण-कोयनानगर-हेळवाक करून कुंभार्ली उतरायचा आणि चिपळूणमार्गे पुढे जायचं हे वर्षातून सात-आठ वेळा ठरलेलं, त्यातल्या दोन-तीन फेऱ्या हमखास भर पावसात.

स्कॅनर घ्यायची वेळ का आली, तर मागच्या वर्षी डॅशबोर्डवर ते इंजिनचं पिवळं चित्र लागलं आणि लागूनच राहिलं. एका सर्व्हिस सेंटरला नेली, स्कॅनिंगचे वेगळे पैसे घेतले, एक सेन्सर बदलला, बिल बऱ्यापैकी झालं आणि बारा दिवसांनी दिवा परत हजर. कोड काय आला होता विचारलं तर बिलावर लिहिलेला नव्हता आणि काउंटरवर कुणाला सांगताही येईना. मला पैशापेक्षा त्याचाच राग जास्त आला, गाडी माझी, तिला काय होतंय ते मलाच कळू नये म्हणजे काय.

तर हे यंत्र काडेपेटीपेक्षा थोडं मोठं असतं. स्टिअरिंगच्या खाली, पेडलच्या वरच्या बाजूला सोळा पिनांचं एक सॉकेट असतं त्यात घालायचं, ब्लूटूथने मोबाईल जोडायचा आणि अ‍ॅपमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला कोड वाचायचा. अमेरिकेत १९९६ पासून हे सॉकेट गाड्यांना सक्तीचं आहे, आपल्याकडे २०१३ नंतरच्या बीएस४ गाड्यांत मिळतं. तुमच्या गाडीत कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, माझ्या गाडीत फ्यूजच्या झाकणाशेजारी आहे, उजव्या गुडघ्याला लागेल असं.

पहिला मी चारशेचा घेतला आणि ते चारशे वाया गेले. जोडला की तुटायचा, कधी कोडच वाचायचा नाही. वाचत गेल्यावर कळलं की यातल्या मूळ चिपचं नाव ईएलएम३२७, एका कॅनडातल्या कंपनीची, आणि बाजारात येणारा बहुतेक माल तिची नक्कल. पाकिटावर 'व्हर्जन १.५' छापलेलं दिसलं तर ते सरळ खाली ठेवा, मूळ कंपनीने १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं. दुसरा सतराशेचा घेतला तो दीड वर्ष नीट चालतोय. आयफोनवाल्यांनी घेताना नीट बघून घ्या, साधा ब्लूटूथवाला आयफोनला जोडला जात नाही, लो एनर्जी ब्लूटूथचा नाहीतर वायफायवाला लागतो. जोडताना पिन मागतो ती बहुतेकदा १२३४ किंवा ०००० असते.

आता घाटाचं. जुलैचा शेवटचा आठवडा, गुहागरहून परत येत होतो, मी, ही आणि मागे पोरगी झोपलेली. पोफळी मागे टाकून चढ सुरू झाला आणि पाऊस असा की वायपर फुल स्पीडला टाकूनही काच क्षणभरच मोकळी दिसायची. आतून काच धुरकट व्हायला लागली म्हणून एसी चालू केला आणि हवा बाहेरून घेणारं बटण दाबलं (लोक एसी बंद करून फडक्याने पुसत बसतात, काही उपयोग नाही, एसी आतली हवा कोरडी करतो म्हणून काच साफ होते, आणि आतलीच हवा फिरवत ठेवली तर ओल आतच राहते). धुकं आलं तशी हाय बीम बंद करून लो बीमवर आलो, हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. पुढे एक एसयूव्ही चारही इंडिकेटर लुकलुकत चालली होती आणि एका वळणावर ती उभीय की चाललीय तेच मला कळेना. कळकळीने सांगतो, ते चार इंडिकेटर उभ्या गाडीसाठी आहेत, चालत्या गाडीत लावले की तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला समजत नाही. लो बीम आणि असतील तर फॉग लॅम्प, बास.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडीने झटका मारला. मग अजून एक. पिकअप एकदम गेला आणि ते पिवळं इंजिनचं चित्र आलं, पण यावेळी स्थिर नव्हतं, लुकलुकत होतं.

हा फरक माहीत असणं फार गरजेचं आहे. तोच दिवा स्थिर लागला तर एक-दोन दिवसांत दाखवा इतकाच अर्थ. लुकलुकला तर इंजिनच्या एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाहीये आणि ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. कन्व्हर्टर तापून वितळतो, आणि तो भाग काही स्वस्त नाही. अशा वेळी रेस द्यायची नाही, पाय हलका करायचा आणि सुरक्षित जागा बघून थांबायचं. सुरक्षित म्हणजे दरडीच्या पायथ्याशी नाही आणि आंधळ्या वळणावर तर अजिबात नाही. मी पायाचा दाब कमी केला तसं लुकलुकणं थांबून दिवा स्थिर झाला, त्याच हलक्या पायाने अर्धा-पाऊण किलोमीटर पुढे एका चहाच्या टपरीसमोर रुंद जागा मिळाली तिथे गाडी घेतली आणि मग चारही इंडिकेटर लावले, तेव्हा.

स्कॅनर लावला, हिने मोबाईल धरला. कोड आला पी०३०३. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचं, ०३०० च्या घरातले कोड मिसफायरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याचे, आणि शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तीन नंबर. खाली 'फ्रीझ फ्रेम' म्हणून अजून एक गोष्ट दिसते, कोड पडला त्या क्षणी इंजिन किती फेरे घेत होतं, पाणी किती तापलं होतं, किती लोड होता. माझं पाणी ९२ अंशावर होतं, म्हणजे तापायचा प्रश्न नाही, आणि लोड भरपूर, म्हणजे चढावर जोर लावल्यावरच त्रास. त्या आकड्यांनी मला जो धीर आला तो कसा सांगू, पोरगी मागे झोपलेली, बाहेर पांढरं धुकं, आणि निदान इतकं तरी कळलं की इंजिन बसत नाहीये, एक सिलिंडर रुसलाय. दहा मिनिटं थांबलो, मग रेस न देता दिव्यावर नजर ठेवून हळूहळू हेळवाकपर्यंत चढलो. परत लुकलुकला असता तर तिथेच थांबून टोइंग बोलवायचं ठरलेलं होतं.

पाटणला रस्त्याकडेच्या एका गॅरेजात थांबलो. मोबाईल पुढे केला तर मेस्त्री म्हणाले, "दादा, मशीनचं बघू मागनं, आधी चालू करा, मला आवाज ऐकू द्या." बोनेटवर हात ठेवून ऐकलं आणि म्हणाले एक पाय लंगडतोय. मग कोड बघितला, मान डोलावली. पण लगेच पार्ट बदलायची घाई नाही. दहाचा पाना घेऊन तीन नंबरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती) काढून एक नंबरला लावली आणि एकची तीनला, मला म्हणाले कोड पुसा आणि एक चक्कर मारून या. चढावर नेली, झटका मारला, वाचलं तर पी०३०१. दोष कॉइलबरोबर एक नंबरला गेला, म्हणजे कॉइलच गेलेली, प्लग आणि इंजेक्टर ठीक. तीच कॉइल उजेडात धरून मला दाखवली, प्लगवर बसणाऱ्या रबरी नळीला केसाएवढी चीर आणि तिच्यावर पांढरट रेघ, तिथून करंट बाहेर उडी मारत होता. नवी कॉइल आणि मजुरी धरून अठराशेत काम झालं. यंत्राने सिलिंडर सांगितला, दुखणं मात्र त्या माणसाने शोधलं. कोड वाचून थेट पार्ट मागवणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, माझा तो आधीचा सेन्सर असाच गेला असणार.

दुसरा उपयोग मला व्होल्टेजचा झाला. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साडेबाराच्या थोडं वर दाखवते, चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा हवं. मेव्हण्याच्या गाडीत लाल बॅटरीचा दिवा लागला होता, तो म्हणे बॅटरी जुनी झालीय, नवी घेतो. स्कॅनर लावला तर चालू इंजिनवर १२.१, म्हणजे अल्टरनेटर चार्जच करत नाहीये आणि गाडी बॅटरीतल्या साठ्यावर पळतेय. बोनेट उघडलं तर अल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल. असा दिवा रात्री पावसात लागला तर एसी, ब्लोअर, गाणी, चार्जर सगळं बंद करा, हेडलाइट आणि वायपर मात्र चालू ठेवा आणि पहिल्या उजेडाच्या जागी थांबा, कारण बॅटरी संपली की इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

आता यात काय नाही ते. साधे स्कॅनर इंजिनचेच कोड वाचतात, बहुतेक गाड्यांत एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगचे कोड या स्कॅनरना वाचताच येत नाहीत. ब्रेक ऑइल कमी झालंय, पॅड झिजलेत, हे पण नाही. तेलकिटलीचा लाल दिवा लागला तर स्कॅनर शोधायलासुद्धा जाऊ नका, तो ऑइल प्रेशरचा दिवा आहे, गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद, अजून दोन किलोमीटर ओढू म्हणालात तर इंजिन जाम होऊ शकतं. तापमानाचा लाल दिवा लागला तरी थांबायचं, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणीही उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं, तोंडावर येतं. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक पूर्ण सोडूनही जात नसेल तर घाट उतरायला सुरुवातच करू नका. एबीएसचा पिवळा दिवा एकटाच असेल तर साधा ब्रेक लागतो, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाकं लॉक होऊन गाडी घसरते, म्हणून अंतर वाढवा आणि सावकाश चला. लाल दिसला किंवा इंजिनचा पिवळा लुकलुकला की थांब, स्थिर पिवळा दिसला की जपून चालव आणि दाखव, इतकं घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला पाठ हवं, यंत्र असो नसो.

बीएस६ डिझेलवाल्यांचा डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा वेगळाच विषय आहे. गावातल्या गावात गाडी फिरवली की काजळी साठते, मॅन्युअलमध्ये दिलंय तसं हायवेला एका वेगाने काही वेळ पळवली की ती जळून जाते. माझी पेट्रोल आहे त्यामुळे जास्त बोलत नाही.

दोन तक्रारी. एक, सॉकेट सैल असेल तर स्कॅनर निसटून पेडलजवळ पडतो. माझा एकदा पडला, गाडी उभी होती म्हणून ठीक, उतारावर ब्रेकखाली अडकला असता तर विचार करवत नाही. तेव्हापासून चालू गाडीत लावूनच ठेवत नाही, थांबून वाचतो आणि काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो. कायम लावून ठेवला तर उभ्या गाडीची बॅटरीही हळूहळू खातो. दोन, अ‍ॅपमध्ये कोड पुसायचं बटण इतकं समोर दिलंय की लोक दिवा गेला म्हणजे दुखणं गेलं समजतात. पुसण्याआधी कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढा, मेस्त्रीला तोच लागतो.

आणि हे पाण्याचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आम्ही बघितलंय. पाण्यात गाडी बंद पडली तर परत चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे कुठलाही कोड कामाचा नाही, आधी गाडी ढकलून बाहेर काढायची आणि बॅटरीची वायर काढून टोइंगची वाट बघायची.

पाचात चार देतो. एक कापला तो एबीएस वाचत नाही म्हणून. सतराशे मला पाटणला त्या एका दिवसात वसूल झाले. आता हिच्याही मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकून दिलंय, आणि गेल्या महिन्यात ती एकटी पोरीला घेऊन कोयनानगरला गेली तेव्हा निघायच्या आधी तिनेच स्कॅनर लावून व्होल्टेज बघितलं, चौदा पॉइंट एक, आणि मग हँडब्रेक सोडला.