कायोटीला हाक घालायची कशाने? ओपन-रीड, डायफ्राम की इलेक्ट्रॉनिक

अमेरिकेत कायोटीच्या, म्हणजे तिथल्या कोल्ह्यासारख्या रानकुत्र्याच्या, शिकारीला जाणाऱ्या नवशिक्यापुढे त्याला आवाजाने जवळ बोलवायला दुकानात तीन चिजा येतात: तोंडाने फुंकायचा, उघड्या पट्टीचा ओपन-रीड हाऊलर, टाळूला चिकटवायचा पातळ पडद्याचा डायफ्राम आणि रिमोटवर वाजणारा इलेक्ट्रॉनिक कॉलर. माझं मत आधीच सांगतो: पहिला ओपन-रीड घ्या.

कारण कायोटीचे सगळे हेल, म्हणजे लांबवून ओरडणं, सारखे नसतात. एकट्याचा लांब, मोकळा हेल म्हणजे 'मी इथे आहे, तिकडे कोण?' मध्ये भुंकून तोडलेला, खरखरीत हेल म्हणजे धमकी. तो ऐकून हद्द राखणारा नर चवताळून येईल, पण वर्षाचं पोरसवदा जनावर पाय लावून पळेल. कळपाचा कल्ला तर फसवाच; दोघंच इतके भराभर सूर बदलतात की पाच-सहा असावेत असं वाटतं. आणि समोरून तुमच्याकडे पाहत भुंकणं सुरू झालं, तर ओळखा की तुम्ही दिसलात. सामान आवरा.

हे सगळं ओपन-रीडवर ओठांनी शिकता येतं. पट्टीच्या टोकाशी दाबलं की बारीक किंकाळी, जास्त पट्टी तोंडात घेतली की जाड, थोराड आवाज. हेल काढताना जाडापासून सुरू करून टोकाकडे सरकायचं, सूर धरायचा, मग पाडायचा. सुरुवातीला घरची माणसं वैतागतील. कडाक्याच्या थंडीत लाळ गोठून पट्टी अडकते, म्हणून तो आतल्या खिशात ठेवा.

डायफ्राम स्वस्त, आणि हात मोकळे राहतात. पण काहींना टाळूला लागताच ओकारी येते.

इलेक्ट्रॉनिकचा खरा फायदा असा की आवाज तुमच्यापासून लांबून येतो, त्यामुळे जनावराची नजर स्पीकरवर राहते. तरी वास घ्यायला ते वाऱ्याच्या खालच्या अंगाने, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूने, वळसा घालतंच. तिथे लक्ष हवं. ओझं, बॅटरी आणि राज्यागणिक बदलणारे नियम आहेतच. शिवाय बटण हाताशी असलं की माणूस नको तितकं वाजवतो. जिथे लोक सारखे तेच आवाज वाजवतात, तिथली जनावरं लवकर शहाणी होतात.

ऋतूही बघा. जानेवारी ते मार्च जोड्यांचा काळ, तेव्हा एकट्याचा हेल चालतो. तिकडच्या उन्हाळ्यात (जून ते ऑगस्ट) पिल्लाच्या किंकाळीला आईबाप धावतात. पैसे उरले तर ती किंकाळी इलेक्ट्रॉनिकवर लावा, हेल मात्र तोंडानेच काढा.