विजयाची मिरवणूक कोणत्या दिवशी काढावी? शाळकरी मुलं डोळ्यांसमोर ठेवून केलेली तुलना

तुमच्या संघाने चषक जिंकलाय, किंवा आठवड्याभरात जिंकेल अशी चिन्हं आहेत, आणि मिरवणुकीचा दिवस ठरवायला बसणाऱ्या चार-सहा जणांत तुम्ही आहात, असं धरून हे लिहितोय. त्या बैठकीत कोणीतरी ‘मुलांनाही बघायला मिळालं पाहिजे’ असं म्हणतोच. सगळे माना डोलावतात. मग दिवस ठरतो तो खेळाडूंच्या विमानावर, पोलिसांच्या बंदोबस्तावर आणि टीव्हीवाल्यांच्या सोयीवर.

मी एकदा आठ वर्षांच्या भाचीला अशा मिरवणुकीला घेऊन गेलो होतो. कामाच्या दिवशी, भर दुपारी, तिची शाळा बुडवून. अडीच तास ताटकळलो आणि बस समोरून गेली ती मिनिटभरात. तिला खांद्यावर घ्यायला गेलो तर मागच्यांनी आरडाओरडा केला, आणि त्यांचंही बरोबरच होतं. घरी आल्यावर आजीने विचारलं, काय काय पाहिलंस गं? ती म्हणाली, ‘एका काकांची बॅग. तिची चेन उघडी होती.’ सव्वाशे सेंटिमीटर उंचीवरून तेवढंच दिसतं. तेव्हापासून कुठल्याही मिरवणुकीची बातमी आली की मी आधी वार बघतो, मग वेळ, आणि खेळाडूंची नावं सगळ्यात शेवटी.

बुधवारी जिंकलेली चार शहरं

तुलनेसाठी अमेरिकेतल्या बेसबॉलने आयतंच उदाहरण दिलंय. २००४ मध्ये बॉस्टन, २०१७ मध्ये ह्यूस्टन, २०१९ मध्ये वॉशिंग्टन आणि २०२४ मध्ये लॉस एंजेलिस या चारही संघांनी वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, शेवटचा सामना बुधवारी जिंकला, तोही परगावी. म्हणजे चौघांपुढे पेच एकच होता: गावी परतायचं आणि मिरवणूक काढायची, पण कधी?

बॉस्टन आणि वॉशिंग्टन शनिवारपर्यंत थांबले. बॉस्टनचे लोक तर ८६ वर्षं या विजयाची वाट बघत होते, तरी त्यांना आणखी तीन दिवस जड गेले नाहीत. ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिसने शुक्रवार धरला. ह्यूस्टनच्या मुख्य शाळा-मंडळाने त्या शुक्रवारी शाळाच बंद ठेवल्या. या मंडळात दोन लाखांहून जास्त मुलं शिकतात, आणि त्याच वर्षी हार्वी चक्रीवादळामुळे त्यांच्या शाळा मुळात दोन आठवडे उशिरा सुरू झाल्या होत्या. लॉस एंजेलिसची मिरवणूक शुक्रवारी सकाळी अकराची. म्हणजे ऐन शाळेची वेळ.

दोन्हींत फरक फक्त एका दिवसाचा. पण त्या एका दिवसात काय काय बदलतं बघा. शनिवारी रजेचा अर्ज नको, तास बुडत नाही, आणि ज्या मुलाचे आईवडील रजा काढू शकत नाहीत त्याला वर्गात बसून बाकीच्या रिकाम्या बाकांकडे बघावं लागत नाही. लॉस एंजेलिसच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. तो शुक्रवार १ नोव्हेंबरचा होता, म्हणजे त्यांचा लाडका गोलंदाज फर्नांडो व्हॅलेन्झुएलाचा जन्मदिवस, आणि तो दहाच दिवसांपूर्वी वारला होता. असं काही कारण असेल तर मीही वाद घालणार नाही. एरवी बुधवारी किंवा गुरुवारी जिंकलात तर शनिवारखेरीज दुसऱ्या दिवसाचा विचारच करू नका.

खरी पंचाईत रविवारच्या विजयाची. फुटबॉलचा विश्वचषक, अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना सुपर बोल, असले मोठे सामने बहुधा रविवारीच होतात. मग एकतर लगेच सोमवार-मंगळवार, नाहीतर सहा दिवस थांबा. फिलाडेल्फियाने सुपर बोल २०१८ मध्ये रविवारी जिंकून गुरुवारी मिरवणूक काढली आणि २०२५ मध्ये शुक्रवारी. दोन्ही वेळा शाळा बंद ठेवल्या. पाच दिवस थांबायची तयारी असेल तर सहावा दिवस जड का जावा?

शाळेला सुट्टी देऊन टाकणं

हा पर्याय सगळ्यात उदार वाटतो, आणि माझ्या मते मुलांच्या दृष्टीने हाच सगळ्यात फसवा. मुलाला सुट्टी मिळाली, पण आईची कचेरी चालूच आहे. मग चौदा-पंधरा वर्षांची मुलं टोळक्याने, मोठ्यांशिवाय येतात आणि सहा-सात वर्षांची घरी कोणापाशी ठेवायची हा घोर. शाळेतच दुपारचं जेवण मिळणाऱ्या मुलांचा तर एक दिवस उपासाचाच म्हणायचा. खरं पाहता शाळा बंद ठेवण्यामागे बहुतेकदा मुलांचं प्रेम नसतंच. रस्ते बंद असल्याने शाळेच्या बस निघू शकत नाहीत, शिक्षक पोचू शकत नाहीत, म्हणून ती सुट्टी असते. अडचणीपोटी दिलेली सुट्टी मुलांना भेट म्हणून मिरवू नये.

सगळ्यांनाच सुट्टी दिली तर? २०२२ च्या विश्वचषकात सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला हरवलं आणि दुसऱ्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, तिथे नोकरदार आणि विद्यार्थी दोघांनाही सुट्टी मिळाली. घर अख्खं मोकळं, हे उत्तम. पुढे तोच चषक अर्जेंटिनाने जिंकला. मिरवणूक मंगळवारी, २० डिसेंबरला, आणि त्या दिवशी देशभर सुट्टी. ब्यूनस आयर्सच्या रस्त्यांवर अक्षरशः लाखो माणसं उतरली, पुलावरून लोक खेळाडूंच्या बसवर उड्या मारू लागले, बस पुढे सरकेना आणि शेवटी खेळाडूंना हेलिकॉप्टरने न्यावं लागलं. अख्ख्या देशाला सुट्टी आणि एकच रस्ता, एकच बस हे गणित लहान मुलासाठी नाही. बापाचा हात सुटला तर ते पोर शोधायचं कुठे?

दुसऱ्याच दिवशी घाईने

या पर्यायावर जास्त शब्द खर्चायची गरज नाही. ३ जून २०२५ च्या रात्री बंगळूरूच्या संघाने आयपीएल जिंकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चिन्नास्वामी मैदानावर सोहळा ठेवला. मिरवणूक आहे की नाही, आत जायला पास लागतो की नाही, याचा कोणाला पत्ता नव्हता. दारांपाशी चेंगराचेंगरी झाली आणि ११ जण गेले, त्यांत शाळेत जाणारी एक मुलगीही होती. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं दाटली की गर्दी माणसांच्या ताब्यात राहत नाही, पाण्यासारखी हेलकावे खाते. अशा वेळी मोठ्या माणसाचं डोकं निदान हवेत असतं. मुलाचं तोंड पुढच्याच्या पाठीत.

शाळा सुटल्यावर, संध्याकाळी

रविवारी जिंकलात आणि थांबणं शक्यच नसेल, तर मला हा पर्याय मनापासून आवडतो. लेस्टर सिटीने २०१६ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग जिंकली तेव्हा मिरवणूक सोमवारी, १६ मे रोजी, संध्याकाळी सहाला निघाली. मँचेस्टर सिटीने २०२३ मध्ये शनिवारी युरोपचा चषक जिंकून सोमवारी संध्याकाळी साडेसहाची वेळ दिली होती. विजांसह पाऊस आला, थोडा उशीर झाला, पण शाळाही बुडाली नाही आणि कचेरीही नाही. एक मात्र विसरू नका. इंग्लंडमध्ये मे-जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. जिथे सातला अंधार पडतो तिथे ही नक्कल जशीच्या तशी चालत नाही.

आणि वेळ पाळता आली पाहिजे. ४ जुलै २०२४ ला, गुरुवारी, मुंबईत मरीन ड्राइव्हवर भारतीय संघाची मिरवणूक संध्याकाळी पाचची जाहीर झाली होती. संघ बार्बाडोसमध्ये चक्रीवादळामुळे अडकला होता, परतायलाच उशीर झालेला, आणि त्या दिवशी दिल्ली करून मुंबई. बस निघाली तेव्हा साडेसात वाजून गेले होते. पाचसाठी तीनला येऊन बसलेलं मूल साडेसातला कोणत्या अवस्थेत असतं ते पालकांना विचारा. तहान, लघवी, झोप, आणि मागे फिरायला वाट नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा.

त्याच मुंबईतली २००७ ची मिरवणूक आठवते? वार बुधवार, म्हणजे वाईटच. पण बस विमानतळापासून वानखेडेपर्यंत गेली, पाच तासांच्या आसपास लागले. इतक्या लांबच्या वाटेवर गर्दी पसरते आणि पुष्कळ मुलांना आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभं राहून खेळाडू दिसतात. दिवस तुमच्या हातात नसेल तर रस्ता लांबवा. हा उपाय बैठकीत कोणी सुचवत नाही, कारण त्याला बंदोबस्त जास्त लागतो.

थांबणं

‘थांबलो तर उत्साह ओसरेल’ असं म्हणणारा प्रत्येक समितीत एक असतो. त्याला लिव्हरपूल दाखवा. २०२५ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल लीगचं त्यांचं विजेतेपद २७ एप्रिललाच पक्कं झालं होतं, पण मिरवणूक काढली ती २६ मेच्या सोमवारी, सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी दुपारी. महिन्याने, तरी लाखो लोक आले. त्या दिवशी शेवटी, गर्दी पांगत असताना, एक मोटार माणसांत घुसली आणि शंभरावर जखमी झाले, त्यांत मुलंही होती. ते खापर तारखेवर फोडता येत नाही. मात्र यावरून इतकं कळतं, की बस गेली म्हणजे सोहळा संपला असं नसतं. रस्ते लोक घरी पोचेपर्यंत बंद ठेवायला हवेत.

दक्षिण आफ्रिकेने सुट्टी आणि चषक वेगळे काढले, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. २८ ऑक्टोबर २०२३ ला रग्बीचा विश्वचषक जिंकला. संघ २ ते ५ नोव्हेंबर चार दिवस फिरला: गुरुवारी प्रिटोरिया, जोहान्सबर्ग, सोवेतो, शुक्रवारी केपटाऊन, शनिवारी डर्बन, रविवारी ईस्ट लंडन. राष्ट्रीय सुट्टी मात्र १५ डिसेंबरला दिली, तोवर शाळेचं वर्ष आणि परीक्षा दोन्ही आटोपलेल्या. गुरुवारच्या शहरांतल्या आणि केपटाऊनच्या मुलांवर अन्याय झालाच, पण निम्मा दौरा तरी शनिवार-रविवारी पडला.

मेलबर्नने तर निकालाची वाटच बघायची नाही असं ठरवलंय. तिथल्या ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलची मिरवणूक अंतिम सामन्याच्या आदल्या शुक्रवारी, दोन्ही संघांची. २०१५ पासून तो शुक्रवार सार्वजनिक सुट्टीचा. कोण जिंकणार हे ठाऊक नसताना मूल आपल्या संघाला बघतं आणि आईवडिलांना कितीतरी आधी तारीख ठाऊक असते.

मुलांकडे जाणं

लंडन २०१२ मध्ये एकाच खेळांचे दोन सोहळे झाले. खेळाडूंची मिरवणूक १० सप्टेंबरला, सोमवारी दुपारी, शाळा नुकत्या उघडलेल्या असताना. त्याआधी ऑलिम्पिकची मशाल मात्र ७० दिवस देशभर फिरली, ८,००० जणांच्या हातून. मशाल कधी कुठून जाणार ते आधीच छापलेलं, त्यामुळे शिक्षक वर्गच्या वर्ग रांगेने रस्त्याकडेला आणून उभा करू शकत होते. शाळेचा दिवस इथे अडचण नव्हता, उलट सोयीचा होता. एकाच मोठ्या मिरवणुकीने हे कधीच साधणार नाही.

आता ठरवा

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. सामना बुधवारी किंवा गुरुवारी संपला तर शनिवार सकाळ, शुक्रवारी संपला तर रविवार सकाळ, दहाच्या सुमाराला. रविवारी किंवा सोमवारी संपला आणि खेळाडू आठवडाभर थांबत असतील तर येणारा शनिवारच. थांबत नसतील तर दोन दिवस सोडून संध्याकाळ, अंधारापूर्वी निदान दोन तास, आणि पुढच्या आठवड्यात चषक शाळाशाळांतून. शाळा बंद ठेवून दुपारची मिरवणूक हा शेवटचा पर्याय, आणि दुसऱ्याच दिवशीची तर यादीतच नको.

कोणताही दिवस निवडलात तरी मुलांसाठी कठड्यालगत वेगळा पट्टा आखा, पुढची जागा त्यांची आणि मागे पालक. पत्रकात बस निघण्याच्या वेळेसोबत ती कोणत्या चौकात किती वाजता पोचेल हेही छापा, आणि उशीर झाला तर ते कुठे कळेल तेही. भाचीच्या वेळी आमच्या चौकाची वेळ कोणी दिली असती तर आम्ही अडीच तास आधी गेलोच नसतो.