खडेबाजारातल्या नोट्स: रॉबर्ट स्मॉल्सचं प्रकरण

बेळगावात खडेबाजाराच्या झेरॉक्सवाल्याकडे अमेरिकन इतिहासाच्या मराठी नोट्स मिळतात, त्यातलं रॉबर्ट स्मॉल्सचं प्रकरण घ्याच. गुलामगिरीत जन्मलेला हा माणूस १८६८ ला साउथ कॅरोलिनाच्या घटना परिषदेत बसला, मोफत सरकारी शाळांसाठी झटला. त्याच वर्षी राज्याच्या कनिष्ठ सभागृहात, १८७० ला सिनेटवर, १८७५ ला वॉशिंग्टनला, म्हणजे देशाच्या संसदेत. घोळ इथेच: नोट्समध्ये नुसतं ‘सिनेट’ छापलंय. ते राज्याचं सिनेट. आणि आपल्या विधान परिषदेसारखंही नाही, सदस्य थेट काउंटीच्या मतदारांनी निवडलेले. पेनाने ‘राज्य’ लिहून ठेवा. १८७७ ची लाचेची शिक्षा दिलीय, १८७९ ची माफी मात्र गाळलीय. हा त्या माणसावर अन्यायच. स्पायरल घट्ट आहे. पाठपोट छपाईत सालं पुसट होतात, पैसे देण्याआधी पानं उजेडात धरून बघा.