घरी जोडलेला मिडी सिक्वेन्सर, नऊ महिन्यांनंतर: पाच रुपयांचा ऑप्टो आणि न सुटणारा सा

अनंत चतुर्दशीला चार दिवस असताना, ऐन भजनात, या डब्यामुळे (सिक्वेन्सर, म्हणजे ठरलेला ठेका आपोआप वाजवून घेणारा) साउंड मॉड्यूलने, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या यंत्राने, एक सा धरला आणि तो सोडेचना. ठेका थांबवला, सा चालू. केबल उपसली, तरी सा चालूच. शेवटी मॉड्यूलचं बटण बंद केलं तेव्हा मंडपात शांतता झाली. नऊ महिने बरा चाललेल्या वस्तूचा अनुभव लिहायला एवढं निमित्त पुरे.

मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना 'हा सूर वाजव, हा सोड' असे निरोप पाठवायची भाषा, त्याहून जास्त इथे सांगत बसत नाही. (सांगलीत हा शब्द उच्चारला की समोरचा कुपवाडच्या एमआयडीसीत काय काम आहे म्हणून विचारतो, ते वेगळं.) डबा असा आहे: प्रो मायक्रो बोर्ड, पाच व्होल्टचा, एटमेगा३२यू४वाला. सोळा टॅक्ट स्विच चार बाय चारच्या मॅट्रिक्समध्ये, प्रत्येकाला एक १एन४१४८ डायोड. बी१०के मार्किंगची आठ पॉट (फिरवून कमी-जास्त करायचे रेझिस्टर), सीडी४०५१ (आठांतलं एक निवडणारी चिप) मार्फत एकाच अ‍ॅनालॉग पिनवर. टेम्पोला एक ईसी११ एन्कोडर (गोल फिरणारं बटण), दाबायच्या स्विचसकट. बत्तीस रंगीत डब्ल्यूएस२८१२बी एलईडीची पट्टी, स्टेपला (ठेक्याच्या एका घराला) दोन. मिडी इन आणि आउटची पाच पिनांची डिन सॉकेटं. पिनांचा हिशेब: मॅट्रिक्सला ८, पॉटला ४, एन्कोडरला ३, एलईडीला १, सिरियलला २. बोर्डावर पिना अठराच. एकही शिल्लक नाही, हे पुढे महत्त्वाचं ठरतं. सगळं झिरो पीसीबीवर, खर्च सतराशेच्या आसपास.

काम दोन प्रकारचं. स्वतःचा ठेका वाजवायचा, आणि इनमध्ये येणारे कीबोर्डचे सूर त्यात मिसळून पुढे मॉड्यूलला पाठवायचे. घोटाळा सगळा या दुसऱ्या कामात.

आता मूळ पापाकडे येतो. मिडी इनच्या तोंडाशी ऑप्टोकपलर लागतो, म्हणजे दोन यंत्रं विजेने न जोडता प्रकाशातून सिग्नल पोचवणारी चिप. मिडीच्या सर्किटात वर्षानुवर्षं दिसतो तो ६एन१३८. सांगलीत दुकानात मागितला तर पुढे आला पीसी८१७. 'दोन्ही ऑप्टोच की, टीव्हीत हाच असतो.' टीव्हीत असतो, खरं आहे. किंमत पाच रुपये. ६एन१३८ ऑनलाइन साठ रुपये आणि वर कुरिअरचे ऐंशी. एकशे पस्तीस रुपये वाचले म्हणून पीसी८१७ बसवला आणि तो चालला. वैताग हाच आहे की तो चालला! पहिल्याच दिवशी मुका राहिला असता तर त्याच दिवशी फेकला असता.

कारण सांगतो. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एक बिट ३२ मायक्रोसेकंदांचा. ऑप्टोने चालू-बंद व्हायला दोन मायक्रोसेकंदांच्या आत वेळ घ्यावा अशी अपेक्षा असते. पीसी८१७ चालू पटकन होतो, बंद व्हायला रेंगाळतो, आणि १० केचा (दहा हजार ओहमचा) पुलअप, म्हणजे सिग्नल पाच व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर, असेल तर हे रेंगाळणं अख्ख्या बिटाच्या घरात जातं. सावकाश एक-एक पट्टी दाबली तर निभतं. क्लॉक (लयीचे सततचे टिक) चालू, वर तीन बोटांचा कॉर्ड, वर पॉट फिरतोय, असं झालं की बाइट बिघडतात. पुलअप १ केचा केला तर सुधारतं, पण ते डोकेदुखीवर बाम चोळण्यापैकी.

एक बाइट बिघडला तर एवढं काय, असं वाटेल. बरेच कीबोर्ड रनिंग स्टेटस वापरतात: 'सूर' हा स्टेटस बाइट एकदाच पाठवायचा, पुढे नुसत्या जोड्या, सुराचा नंबर आणि जोर. सूर सोडणं म्हणजे त्याच सुराचा जोर शून्य. मधला एक बाइट गळाला की जोड्या एका घराने सरकतात. सुराचा नंबर जोर होतो, जोर सुराचा नंबर होतो, आणि पुढचा स्टेटस बाइट येईपर्यंत सगळं उलटंपालटं. सोडल्याचा निरोप हरवला, सा अडकला. शून्य नंबरचा सूर वाजला, तळातून घुं करून आवाज आला. हे दोन्ही या डब्याने केलं आहे.

म्हणून ६एन१३८ मागवला. जोडणी अशी: डिनच्या ४ नंबरच्या पिनेपासून २२० ओहम, तिथून ऑप्टोची पिन २. डिनची ५ ऑप्टोच्या ३ वर. २ आणि ३ च्या मध्ये १एन४१४८ उलटा, पट्टी २ कडे. पिन ८ ला पाच व्होल्ट, ५ ला ग्राउंड, ६ मधून सिग्नल, त्यावर ४७० ओहम ते १ केचा पुलअप. पिन ७ पासून ग्राउंडला १० के किंवा ४.७ के. हा सातव्या पिनेवरचा रेझिस्टर बरेच जण गाळतात. त्याशिवाय ६एन१३८ सुद्धा बंद व्हायला आळस करतो, मग साठ रुपये घालून उपयोग काय? डिनची पिन २ इनच्या बाजूला मोकळीच ठेवायची, आउटच्या बाजूला ग्राउंडला. दोन्हीकडे जोडली तर ऑप्टो लावण्याचा हेतूच जातो आणि जनरेटरवरच्या मंडपात स्पीकर गुणगुणायला लागतो. दुकानदार ६एन१३७ पुढे करेल, घेऊ नका. त्याची सातवी पिन एनेबलची आहे, हे सर्किट त्याला चालत नाही. आणि बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल, पिको वगैरे, तर ६एन१३८ चा नाद सोडून एच११एल१ घ्या, तो तीन व्होल्टपासून चालतो.

डिन सॉकेटच्या पिनांचा क्रम कमानीत १, ४, २, ५, ३ असा असतो, १ ते ५ सरळ नाही. मागून सोल्डर करताना तो आरशासारखा उलटतो. ४ आणि ५ उलटल्या तर काही जळत नाही, तो उलटा डायोड त्यासाठीच आहे. फक्त काहीच वाजत नाही.

इथपर्यंतचा मजकूर गणपतीनंतर लगेच लिहिला होता. आता त्यातलं थोडं मागे घ्यावं लागतंय.

६एन१३८ बसवल्यावर सूर अडकणं एकदम कमी झालं, पण थांबलं नाही. रोजचं होतं ते आठवड्यातून एखाद्यावर आलं. आउटची केबल त्याच डब्याच्या इनमध्ये घातली, पाठवलेले आणि परत आलेले बाइट मोजायचा छोटा प्रोग्राम टाकला. एलईडी बंद ठेवून रात्रभर चालवला, एकही गळाला नाही. एलईडी चालू केले, गळती सुरू.

डब्ल्यूएस२८१२बीला एका एलईडीसाठी २४ बिट लागतात, प्रत्येक सव्वा मायक्रोसेकंदाचा, म्हणजे एलईडीमागे ३० मायक्रोसेकंद. नेहमीची निओपिक्सेल लायब्ररी (हे एलईडी चालवायचा तयार कोड) तेवढा वेळ इंटरप्ट, म्हणजे मधेच आलेल्या बाइटकडे लक्ष द्यायची सोय, बंद ठेवते, नाहीतर रंग बिघडतात. बत्तीस एलईडी म्हणजे ९६० मायक्रोसेकंद. मिडीचा एक बाइट ३२० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे तेवढ्यात तीन बाइट दाराशी येतात. या चिपच्या सिरियलमध्ये दोन बाइट मावतात, तिसरा आत येणाऱ्या खिडकीत अडकून राहतो, आणि पुढचा आला की एक जातो. गणित बरोब्बर काठावर बसतं, म्हणूनच दोष रोज दिसत नव्हता. स्टेपला एकच एलईडी ठेवला असता तर ४८० मायक्रोसेकंद, दीड बाइट, आणि हा दोष कधी कळलाही नसता.

म्हणजे मंडपातल्या त्या सामागे पीसी८१७ होता की एलईडी, हे आता सांगता येत नाही. दोघेही पात्र आहेत. पाच रुपयांच्या ऑप्टोवरचा राग मात्र कमी करणार नाही. त्याच्या गोंधळात दुसरा दोष सहा महिने लपून राहिला.

इलाज: पट्टी काढली, मॅक्स७२१९ (एलईडी चालवणारी चिप) आणि साधे लाल एलईडी लावले. तो एकटा ६४ एलईडी सांभाळतो आणि इंटरप्ट बंद करायची गरज नाही. रंग गेले, गेले तर गेले. अडचण पिनांची. पट्टीला एक पिन लागत होती, याला तीन, आणि बोर्डावर जागा नाही. पण मॅक्स७२१९ची डेटा आणि क्लॉक ही दोन वायर ४०५१च्या पत्त्याच्या दोन पिनांवरच जोडता येतात. पॉट वाचताना त्यात कचरा सरकत राहतो, तरी लोडची पिन वर जाते तेव्हा शेवटचे १६ बिटच धरले जातात. म्हणून लोडला पट्टीची जुनी पिन द्यायची, सोळा बिट नीट पाठवूनच ती वर करायची आणि त्या वेळात पॉट वाचायचं नाही. एक पैसाही जास्त न घालता जमलेली ही या डब्यातली एकच गोष्ट. (मॅक्स७२२१ घेतलात तर तो लोड खाली असतानाच डेटा घेतो. त्यालाही हे चालतं.)

बाकी पटापट. पॉट १०० केची घेऊ नका, या चिपला दहा केच्या आतला स्रोत हवा. वायपरपासून (पॉटच्या मधल्या पायापासून) ग्राउंडला १०० नॅनोफॅरड लावायचा मोह ४०५१च्या पुढच्या बाजूला करू नका, एका पॉटचं वाचन दुसऱ्यात झिरपतं. लावायचाच तर प्रत्येक पॉटपाशी लावा. वाचन १०२३ पैकी चारपेक्षा जास्त हललं तरच संदेश पाठवा, नाहीतर हात न लावता ६३-६४-६३ चालू राहतं आणि आधीच भरलेली वायर आणखी भरते. ईसी११ सातव्या महिन्यात उलटसुलट आकडे द्यायला लागला. दोन्ही पिनांवर १० नॅनोफॅरड टाकून चाललाय, बदलायचाच आहे. पावसाळ्यात दोन बटणं आपोआप दाबल्यासारखी वागत होती. तो स्विचचा दोष नव्हता, बोर्डावर राहिलेल्या फ्लक्सने दमट हवा धरली होती. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशने घासलं, गेलं.

पॉवर बँकेवर चालवणार असाल तर लक्षात ठेवा: एलईडी बदलल्यावर डबा इतका कमी करंट ओढतो की पॉवर बँक 'मोबाइल काढला' असं समजून बंद पडते. पाच व्होल्टवर ४७ ओहमचा एक वॅटचा रेझिस्टर आडवा टाकला, शंभर मिलिअँपिअर फुकट जळतात. मनाला लागतं, पण मिरवणुकीत बंद पडण्यापेक्षा बरं.

घरी नुसत्या यूएसबीचा कीबोर्ड असेल तर हा डबा त्याला थेट जोडता येणार नाही. दोघेही यूएसबीवर डिव्हाइस, होस्ट (सूत्रं हलवणारा) कोणीच नाही. मध्ये कॉम्प्युटर, ओटीजीवर मोबाइल किंवा होस्ट शील्ड लागेल. मागे गोल पाच पिनांचं सॉकेट आहे का, हे आधी बघा.

आता ज्यासाठी डबा अजून टेबलावर आहे ते. तयार सिक्वेन्सर उघडला की सोळा घरं समोर येतात, आणि सोळात केरवा बसतो. मात्रेला दोन स्टेप धरल्या, म्हणजे स्टेपला क्लॉकचे १२ टिक, तर केरव्याला १६ घरं, दादऱ्याला १२, रूपकाला १४. झपतालाची वीस होतात, त्याला मात्रेला एकच स्टेप द्यावी लागते. प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवायला कोडमध्ये एका व्हेरिएबलचं काम, ते केलं. टेम्पोचं गणित मात्र मिलिसेकंदांत करू नका. १२० च्या लयीला एक टिक २०.८३ मिलिसेकंदांचा. अपूर्णांक गाळून २० धरला की लय १२५ होते आणि गाणारा तुमच्याकडे बघायला लागतो. मायक्रोसेकंदांत मोजा आणि उरलेला तुकडा पुढच्या टिकमध्ये धरा.

दुसरं सुख गंधाराचं. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप जो गंधार ऐकू येतो, त्यापेक्षा कीबोर्डचा गंधार चढा असतो, साधारण १३.७ सेंटने (अर्धस्वराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे सेंट). मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कान तयार झालेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. पिच बेंडचा (सूर किंचित वर-खाली सरकवायच्या निरोपाचा) मध्य ८१९२ आणि रेंज दोन अर्धस्वर, म्हणजे सेंटला ४०.९६ आकडे. गंधाराला ७६३१ पाठवा, बाइट आधी ७९, मग ५९. पंचमाला ८२७२. बेंड अख्ख्या चॅनलला (मिडीच्या सोळा वाटांपैकी एका वाटेला) लागतो म्हणून गंधाराला वेगळा चॅनल द्यायचा. साठ रुपयांच्या ऑप्टोवरून सुरू झालेल्या भांडणात हे सुख अनपेक्षित होतं.

शेवटी त्या सा चा बंदोबस्त. एन्कोडर दोन सेकंद दाबला की सगळे सूर सोडायचा आदेश जातो. कंट्रोलर १२३ ('सगळे सूर सोडा' हा एकच निरोप) एकट्यावर विसंबू नका, काही मॉड्यूल तो ऐकत नाहीत. वापरातल्या चॅनलवर १२८ सुरांना एक-एक करून सोडल्याचा निरोप पाठवा. ३८४ बाइट, चॅनलला १२३ मिलिसेकंद. सोळाही चॅनलना पाठवलात तर दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात ठेका कोसळतो. इथे तीनच चॅनल वापरात आहेत, तिघांनाच जातो. ऑप्टो आठ पिनांच्या आयसी बेसमध्ये बसवलाय, सोल्डर केलेला नाही, आणि झाकणाच्या आत दुसरा ६एन१३८ टेपने चिकटवून ठेवलाय. कुरिअरचे ऐंशी रुपये पुन्हा द्यायला नकोत म्हणून दोन एकदमच मागवले होते.