अक्कलदाढ काढली त्याला सात महिने झाले: एका भित्र्या बाईचा अनुभव

आधी माझी पात्रता सांगते. मी चौथीत असताना एका दवाखान्यात माझी दाढ भूल नीट चढायच्या आतच उपटली गेली. कंपाउंडरनं दोन्ही हात धरून ठेवले होते आणि डॉक्टर "झालं, झालं" म्हणत होते. झालं नव्हतं. त्या दिवसापासून दातांच्या दवाखान्याचा तो विशिष्ट वास आला तरी माझे तळहात गार पडतात. आता वय ३६. गोव्यात डिचोलीजवळच्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेत दंत तपासणीचं शिबिर असलं की मुलांना ओळीत उभं करून "काही होत नाही रे" म्हणणारी मीच. आणि डॉक्टर "बाई, तुमचेही बघू का?" म्हणाले की हजेरीपट आणायला वर्गाकडे पळणारीही मीच.

तर अशा बाईची खालची डावी अक्कलदाढ गेल्या ऑक्टोबरात काढली. आता मे चालू आहे. दाढ काढल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं असतं तर वेगळंच लिहिलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले.

दाढ सरळ वर न येता पुढच्या दाढेकडे कलंडली होती. अर्धी बाहेर, अर्धी हिरडीखाली. त्या हिरडीच्या झाकणाखाली भाताचं शीत, भाजीचा तुकडा काहीही जाऊन बसायचं, मग सूज, मग पू, मग गोळ्यांचा कोर्स. वर्षात तीनदा झालं. तिसऱ्यांदा ऐन चवथीत, म्हणजे गणपतीत. घरात परातभर नेवऱ्या (करंज्या) तळून ठेवल्या आणि मला एक खाता आली नाही, कारण तोंडात दोन बोटंसुद्धा जात नव्हती. शेजारच्या मावशींनी फेणीत बुडवलेला कापसाचा बोळा आणून दिला. सासूबाईंनी लवंग दिली. दोन्ही करून बघितलं. फेणीनं हिरडी पोळली, लवंगेनं तासभर बरं वाटलं. त्या लवंगेची गोष्ट पुढे परत येणार आहे.

पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेले तिथे मोठा एक्स-रे न काढताच "बसा, आजच काढून टाकू" म्हणाले. मी घाबरते असं सांगितल्यावर उत्तर आलं, "बाळंतपण केलंत ना? मग याचं काय एवढं?" मी पर्स उचलली आणि बाहेर आले. हे वाक्य बायकांना हमखास ऐकवलं जातं. बाळंतपणात माझ्या तोंडात कुणी ड्रिल घातलं नव्हतं.

माझ्या जावेची दाढ बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजात निघाली होती. १९८० पासूनची संस्था, शिकणारी मुलंही असतात पण डोक्यावर वरिष्ठ असतात, आणि तिचं सगळं व्यवस्थित झालं होतं. मीही तिथेच जाणार होते. पण म्हापशातल्या एका दवाखान्यात ओरल सर्जन, म्हणजे तोंडाच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, ठरलेल्या दिवशी येतात आणि आधी नुसतं बोलायला भेटतात असं कळलं. नुसतं बोलायला! मला तेवढंच हवं होतं.

ओपीजी काढला. म्हणजे यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एका फोटोत येतात. तोंडात काही घालत नाहीत, पुढच्या दातांनी फक्त एक छोटी पट्टी चावून धरायची, त्यामुळे हा भाग भित्र्यांना अगदी सोपा. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि दाढेच्या मुळांखालून जाणारी, दोन पांढऱ्या रेघांमधली काळपट पट्टी दाखवली. "ही नस. खालचा ओठ आणि हनुवटीची जाणीव हिच्यातून येते. तुमची मुळं हिच्या जवळ आहेत. काढल्यावर ओठ काही आठवडे बधिर राहू शकतो. बहुतेकांचा परत येतो. क्वचित कुणाचा पूर्ण येत नाही." इतकं स्पष्ट ऐकून खरं तर मी आणखी घाबरायला हवं होतं. झालं उलटंच. हा माणूस माझ्यापासून काही लपवत नाही असं वाटलं आणि खांदे जरा खाली आले.

मी वहीत अकरा प्रश्न लिहून नेले होते. शिक्षिका आहे, सवय. शेवटचा प्रश्न होता, मध्येच थांबा म्हणायचं असेल तर? ते म्हणाले, डावा हात वर करा, मी थांबेन, कारण विचारणार नाही.

त्या दिवशी सकाळी नीट नाश्ता करून या असं सांगितलं होतं. गेल्यागेल्या बीपी १५०/९४. दहा मिनिटं बसवून ठेवलं, परत घेतलं, १३८/८६. सिस्टर कोकणीत "कांय जावचें ना, बाय" (काही होणार नाही) म्हणाल्या आणि खांद्यावर हात ठेवला.

आधी हिरडीवर बधिर करणारा फवारा, कडूजहर. मग सुई. पंचवीस-सव्वीस वर्षं मी या सुईला भीत होते. अगदी मागे टोचतात, आणि हे डॉक्टर औषध फार हळूहळू सोडत होते. टोचल्याचं कळलं, ठणका एवढा नाही. एक गोष्ट मात्र भित्र्या माणसाला आधी माहीत असलीच पाहिजे: भुलेच्या औषधात ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, रक्त कमी यावं आणि भूल जास्त टिकावी म्हणून. त्यामुळे मिनिट-दोन मिनिटं छाती धडधडू शकते. डॉक्टरांनी सुईच्या आधीच सांगितलं होतं. सांगितलं नसतं तर मला हार्ट अटॅक आला असं समजून मी खुर्चीतून उडी मारली असती.

पाचएक मिनिटांत अर्धा ओठ दुसऱ्या कुणाचा तरी झाला. टोकदार काडीनं टोचून बघितलं, काही नाही. मग काम सुरू.

भुलेनं दुखणं जातं, पण दाब आणि आवाज जात नाहीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. जबडा दाबला जातोय, ढकलला जातोय हे सगळं कळतं. दाढ आडवी असल्यामुळे ड्रिलनं तिचे दोन तुकडे केले, आणि तुकडा सुटला तेव्हाचा कडकन् आवाज कानातून नाही, कवटीतून आला. सुकी करवंटी फुटल्यासारखा.

हात मी तीनदा वर केला. एकदा खरंच कळ आली म्हणून. लगेच थांबले, आणखी भूल दिली, थांबून पुन्हा तपासलं. दुसऱ्यांदा थुंकी गिळायची होती. आणि तिसऱ्यांदा काहीही झालं नव्हतं. हे खरंच दर वेळी थांबतात का, एवढंच मला बघायचं होतं. थांबले. ड्रिल बंद, हात बाहेर, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली आणि पुन्हा सुरू झालं. त्यानंतर मी हात वर केला नाही.

बसल्यापासून उठेपर्यंत चाळीस मिनिटं. काळ्या रेशमी दोऱ्याचे तीन टाके. साडेसात हजार रुपये, ओपीजीचे पाचशे वेगळे. दाढेचे तुकडे मागून घेतले; एका मुळाचं टोक गळासारखं वाकडं होतं.

पहिल्या दिवशी गॉझ पाऊण तास दाबून धरायचा, गालावर बाहेरून बर्फ, थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही. कारण त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि तीच खालच्या हाडाचं पांघरूण. चोखलं-थुंकलं की ती निघू शकते. जेवण म्हणजे कोमट पेज, थंड तिजान (नाचणीची पातळ खीर). सोलकढी मनात आली होती, पण आंबट-तिखट नको म्हणून सासूबाईंनी घोटभरही दिली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त. स्टाफरूमच्या ग्रुपवर फोटो टाकला तर सगळ्यांनी एकच विनोद केला, अक्कल गेली का म्हणून. अकरा जणांनी. स्वतंत्रपणे.

इथपर्यंत मला वाटत होतं, एवढंच? मग चौथा दिवस उजाडला.

चौथा दिवस म्हणजे नरकासुराची रात्र. ज्यांनी ती गोव्यात काढली नाही त्यांना सांगते, गल्लोगल्ली नरकासुराचे पुतळे आणि पहाटेपर्यंत भिंती थरथरतील असे स्पीकर. दुखणं संध्याकाळी सुरू झालं. जबड्यातून कानात, कानातून कपाळात. तोंडाला घाणेरडी चव. गोळी घेतली, दोन तासांनी ठणका तसाच. बाहेर ढोल, आत ढोल. यजमानांच्या काकांनी "घोटभर घे, झोप तरी लागेल" म्हणून फेणी पुढे केली, पण माझ्या गोळ्यांत मेट्रोनिडॅझोल होतं आणि त्याच्याबरोबर दारूचा थेंबही नको असं बजावलेलं होतं. पहाटे मुलानं कारीट फोडलं, ओवाळणं झालं, आणि मी पदर गालाला लावून बसून होते. रोसातले, म्हणजे नारळाच्या दुधातले, पोहे तेवढे गिळता आले. दाढेसाठी दिवाळीचा मुहूर्त धरण्यात ही एकच सोय: पोहे मऊ असतात.

याला ड्राय सॉकेट म्हणतात. गुठळी निघून गेली, हाड उघडं पडलं. चूक बहुधा माझीच. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या सांगितल्या होत्या. मी दिवसभर खडूची धूळ खाणारी बाई, मी घशापासून खळखळून केल्या. पाणी तोंडात घेऊन मान कलती करायची आणि तसंच ओघळू द्यायचं, हे मला त्यानंतर कळलं.

सणाचा दिवस असूनही दवाखान्याच्या नेहमीच्या डॉक्टर घरची पूजा आटोपून आल्या. खड्डा धुतला आणि औषधाची पट्टी आत बसवली. पट्टी आत गेली आणि नाकात ओळखीचा वास. लवंग! सासूबाईंच्या डब्यातला वास. लवंगेच्या तेलातला युजेनॉलच त्यात असतो. अर्ध्या तासात दुखणं असं उतरलं की परतताना स्कूटरवर अस्नोड्यापर्यंत मी पेंगत होते. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी फक्त "हं" केलं. तो "हं" अजून अधूनमधून ऐकायला मिळतो.

पट्टी दोनदा बदलली, आठव्या दिवशी टाके काढले. टाके काढताना दुखत नाही, चिमटीत केस ओढल्यासारखं होतं.

मग राहिला ओठ. भूल उतरली तरी डाव्या बाजूला ओठाखाली रुपयाएवढी जागा बधिर ती बधिरच. हालचाल नीट होती, जाणीव नव्हती. चहाचा ग्लास ओठाला लावला की अर्धीच कड लागायची, जणू ग्लास फुटका आहे. माशांचं हुमण हनुवटीवर ओघळलं तरी कळायचं नाही. सुट्टीनंतर पहिलीला अक्षरं घेत होते आणि प, फ, ब, भ, म म्हणताना मला वाटे आपण वाकडं बोलतोय. मुलांना काहीच जाणवत नव्हतं. एक मुलगी फक्त म्हणाली, "बाई, हनुवटीला खडू लागलाय." दिवसभर लागलेला असणार.

या दिवसांत मला खरी भीती वाटली, आणि ती सुईच्या भीतीसारखी नव्हती. सुई एका मिनिटात संपते. हे सकाळी उठून बोटानं चाचपायचं, रोज. सहाव्या आठवड्यात तिथे मुंग्या आल्या. डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण, नस जागी होतेय. चौथ्या महिन्यापर्यंत बरंचसं परत आलं. आज कोपऱ्याजवळ हरभऱ्याएवढी जागा आहे, तिथे स्पर्श पातळ फडक्याआडून यावा तसा येतो. मुद्दाम लक्ष दिलं नाही तर जाणवतही नाही.

खड्डा भरायला दोनेक महिने गेले. तोवर प्रत्येक जेवणानंतर वाकड्या नळीच्या सिरिंजनं तो धुवायचा. नारळाचा चव सगळ्यात वाईट, आणि आमच्याकडे नारळाशिवाय भाजी होत नाही.

फायदा? ऑक्टोबरपासून एकदाही सूज नाही, एकही अँटिबायोटिक नाही. कलंडलेल्या दाढेनं पुढच्या दाढेला लावलेली कीड आता दिसली, ती फेब्रुवारीत भरून घेतली. त्याही वेळी तळहात गार होते. भीती गेलेली नाही. पण "डावा हात वर केला तर थांबाल ना?" हे मी आता आत शिरल्याशिरल्या विचारते, आणि ज्यांना या प्रश्नाचं हसू येईल त्यांच्या खुर्चीत मी बसणार नाही.

यंदाच्या शिबिरात दुसरीतला एक मुलगा दारालाच चिकटून होता. "काही होत नाही" म्हणाले नाही. डॉक्टरांना हाताचं सांगितलं, त्यालाही सांगितलं. त्यानं नुसत्या आरशाला चारदा हात वर केला. डॉक्टर चारदा थांबले, शेवटी माझ्याकडे बघून हसले. हजेरीपट त्या दिवशी माझ्या हातातच होता, त्यामुळे नंतर मलाही बसावं लागलं.

उजवीकडची अक्कलदाढ सरळ आहे, पूर्ण बाहेर आहे, ब्रश पोचतो. ती काढायची का असं चौघांनी विचारलं. त्रास नसताना कशाला? ब्रिटनच्या आरोग्यसेवेत २००० सालापासून निरोगी अक्कलदाढ उगाच काढू नये अशीच सूचना आहे, आणि माझ्या डॉक्टरांचंही मत तेच. वर्षाकाठी एक फोटो काढून बघायचं ठरलंय. तारीख चवथीनंतरची घेतली आहे. या वेळी मला नेवऱ्या खायच्या आहेत, दोन्ही बाजूंनी.