अँटिऑक की एकर? कादंबरीचा वेढा कुठे घालायचा

मैत्रिणीला धर्मयुद्धांवर कादंबरी लिहायचीय, पण अँटिऑकचा वेढा (१०९७-९८) घ्यावा की एकरचा (११८९-९१), इथेच तिचं घोडं अडलंय.

साधनांत एकरचं पारडं जड. बहाउद्दीन इब्न शद्दाद हा काझी खुद्द मुस्लिम सुलतान सलाहुद्दीनच्या छावणीत होता. शत्रूपक्षाच्या आजारी रिचर्डला, म्हणजे इंग्लंडच्या राजाला, फळं आणि बर्फ हवा होता, सलाहुद्दीनने तो पाठवलाही, असले तपशील तो देतो. (ही गोष्ट ११९२ ची, याफाची; पण मोह कोणाला आवरतोय!) अँटिऑकचे प्रत्यक्षदर्शी बहुतेक फ्रँकांच्याच, म्हणजे युरोपातून आलेल्या धर्मयोद्ध्यांच्याच बाजूचे.

पात्रांचं मात्र उलटं. रिचर्ड-सलाहुद्दीन चघळून चोथा झालेत. शिवाय दोघं कधी समोरासमोर आलेच नाहीत, म्हणजे सगळी भिस्त दूतांवर. अँटिऑकला फिरूज आहे: बुरूज राखणारा, आणि रात्री धर्मयोद्ध्यांचा सरदार बोहेमंड याच्या माणसांना त्याच बुरुजावर चढू देणारा. का? लोभ, राग, भीती? लेखकाला एवढी फट पुरे. त्यात शहर घेतल्यावर काही दिवसांतच घेणारेच मोसुलचा तुर्की सरदार कर्बोघा याच्या वेढ्यात, उपाशी!

मेहनत दोन्हीकडे तेवढीच.

वाटाघाटी, राजकारण, दोन्ही तंबू रंगवायचे असतील तर एकर. एकाच माणसाच्या मनात शिरायचं असेल तर फिरूजचा बुरूज.